भाग नवे, ताप जुनाच : दुरुस्तीनंतरही इंजिन का तापते?

चैत्र सरत आला की राज्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांतून पाण्याचे टँकर धावू लागतात. याच दिवसांत टँकरचे ट्रॅक्टर, पंचायत समित्यांच्या जीपगाड्या आणि आरोग्य केंद्रांच्या रुग्णवाहिका गॅरेजच्या दारात उभ्या राहिलेल्या दिसतात, आणि तक्रार बहुधा एकच असते : इंजिन तापते.

एका गावी घडलेला प्रसंग येथे मुद्दाम नमूद करतो. गावापासून चार किलोमीटरवर असलेल्या विहिरीवरून तीन वाड्यांना पाणी पोहोचविण्यासाठी ट्रॅक्टरला जोडलेली पाच हजार लिटरची टाकी होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हा ट्रॅक्टर वाडीच्या चढावर तापू लागला व रेडिएटरमधून वाफ येऊ लागली. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलण्यात आला. दोन दिवसांनी तोच चढ आणि तीच वाफ. मग वॉटर पंप बदलला, त्यानंतर रबरी नळ्या आणि पंख्याचा पट्टा बदलला. ग्रामपंचायतीच्या दप्तरी तीन बिले लागली आणि ट्रॅक्टर चौथ्यांदा गॅरेजच्या दारात उभा राहिला. या पंधरवड्यात वाड्यांवरील बायाबापड्यांनी डोक्यावरून हंडे वाहिले. त्या ट्रॅक्टरचा दोष अखेर कशात निघाला ते पुढे ओघाने येईल. तूर्त एवढेच सांगावयाचे की, बसविलेल्या नव्या भागांपैकी एकही भाग सदोष नव्हता.

प्रस्तुत लेख मेकॅनिकसाठी लिहिलेला नाही. त्याला त्याचे काम अधिक कळते. परंतु दुरुस्तीस मंजुरी देणारा अधिकारी, बिलावर सही करणारा सरपंच वा ग्रामसेवक आणि शाळेची गाडी सांभाळणारा मुख्याध्यापक यांना योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता यावा, हा या लेखनाचा हेतू आहे. नवा भाग बसविल्यावरही इंजिन तापत असेल, तर आणखी एक नवा भाग मागविणे हा सर्वांत महागडा आणि अनेकदा निरुपयोगी उपाय ठरतो. आधी चाचणी आणि मग खरेदी, हा क्रम ज्यांच्या हाती मंजुरी आहे त्यांनीच धरावयास हवा.

उष्णतेचा प्रवास

इंधन जळते त्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तपमान २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. ज्या ॲल्युमिनियमचा दट्ट्या त्यात वरखाली होत असतो, ते ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. तरीही दट्ट्या शाबूत राहतो, कारण धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढली जाते. इंधनापासून मिळणाऱ्या एकूण उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते, तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि राहिलेला हिस्सा मुख्यतः शीतनयंत्रणेला वाहून न्यावा लागतो. म्हणजे जेवढ्या शक्तीने ट्रॅक्टर टाकी ओढतो, जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते.

हा प्रवास असा होतो. पंप पाण्याला इंजिनाच्या ब्लॉकमधून व वरच्या हेडमधून फिरवितो. तापलेले पाणी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेपाशी येते. झडप उघडली की ते वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून वाहताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे येते. रेडिएटरचे झाकण या साऱ्या पाण्यावर दाब राखते. साखळीची एखादी कडी निकामी असली की ताप वाढतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास सर्व दोष सारखेच दिसतात. काटा लाल पट्ट्यात जातो व वाफ येते. म्हणूनच केवळ लक्षण पाहून भाग बदलण्याचा मोह होतो.

इंजिन केव्हा तापते?

दुरुस्तीस गाडी पाठविताना ‘इंजिन तापते’ एवढाच शेरा लिहिण्याची प्रथा आहे. त्याऐवजी ते केव्हा तापते हे चालकाला विचारून लिहिले, तर अर्धे निदान कागदावरच होते.

गाडी उभी असताना किंवा बाजारपेठेतून सावकाश जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच निवते, असे असेल तर वाऱ्याकडे पाहावे. वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, उभ्या गाडीत ते काम पंख्याला करावे लागते. याउलट उभी असताना ठीक, परंतु चढावर किंवा भार असताना तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटर चोंदलेला आहे असा संशय घ्यावा. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांतच काटा चढला, तर प्रवाह जवळजवळ बंद आहे. आत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा हेडखालचे गॅस्केट उडाले आहे, यांपैकी एक गोष्ट बहुधा असते.

त्याही आधी इंजिन खरोखरीच तापते काय, याची खात्री करून घ्यावी. दुरुस्तीच्या वेळी तपमान दाखविणारा सेन्सर बदलला असेल आणि तो त्या इंजिनाचा नसेल, तर काटा खोटे बोलू शकतो. याच्या उलटही घडते व ते अधिक धोक्याचे असते. पाणी गळून गेलेल्या इंजिनात सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही, तो कोरड्या पोकळीत असतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते, इंजिन निवले. प्रत्यक्षात ते जळत असते. हातात धरून दुरूनच तपमान मोजणारे इन्फ्रारेड तापमापक हल्ली बहुतेक चांगल्या गॅरेजांत असतात. वरच्या व खालच्या नळीवर आणि थर्मोस्टॅटच्या घरावर ते रोखून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

अडकलेली हवा

शीतनयंत्रणेचा कोणताही भाग बदलावयाचा तर आतले पाणी काढावे लागते. ते पुन्हा भरताना हवा पूर्णपणे बाहेर गेली नाही, हे दुरुस्तीनंतरच्या तापाचे फार आढळणारे आणि काही खर्च न लागणारे कारण होय. पंप नवा, रेडिएटर नवा, नळ्या नव्या आणि तरीही गाडी पहिल्याच फेरीत तापते. मालक म्हणतो, माल नकली दिला. माल चांगला असतो, पण भरण्यात घाई झालेली असते.

विहिरीवरचा पंप ज्यांनी चालविला आहे त्यांना हे चटकन उमगेल. सेंट्रिफ्युगल पंपात आणि त्याच्या नळात पाणी भरल्याशिवाय तो पाणी उचलत नाही. हवा धरलेला पंप नुसता फिरत राहतो. गाडीच्या इंजिनाचा वॉटर पंप त्याच जातीचा आहे. त्याच्या पात्यांपाशी हवा आली की प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की तेथील धातूला पाण्याचा स्पर्शच होत नाही आणि तेवढीच जागा भाजून निघते. थर्मोस्टॅटभोवती हवा असली तर त्यालाही पाणी तापल्याची खबर वेळेवर पोहोचत नाही, तो मिटलेलाच राहतो. तिन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात.

यावरची परीक्षा अत्यंत सोपी आहे व ती कोणालाही करता येते. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत शीतनयंत्रणेत किती लिटर पाणी मावते ते दिलेले असते. सर्व पाणी काढलेले असून भरताना त्यापेक्षा दीड-दोन लिटर कमीच गेले, तर तेवढी जागा हवेने व्यापली आहे असे समजावे. अर्थात, ब्लॉकमधील तोटी उघडली नसेल तर थोडे जुने पाणी आत राहते, त्याचा हिशेब धरावा लागतो. तथापि, किती काढले आणि किती भरले, हे दोन आकडे दुरुस्तीच्या कागदावर लिहून मागितले तरी भरणाऱ्याचा हात आपोआप सावकाश होतो, असा अनुभव आहे.

भरण्याची रीत बहुतेक गाड्यांत सारखीच असते. गाडीचे तोंड किंचित चढावर करून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच येईल असे पाहावे. चालकाच्या कक्षात हीटर असल्यास तो पूर्ण उघडा ठेवावा, कारण त्याच्या नळ्यांतही हवा दडते. हवा काढण्यासाठी छोटा स्क्रू दिलेला असल्यास तो सैल करून त्यातून बुडबुड्यांविना पाण्याची सलग धार येईतो हळूहळू भरावे. त्यानंतर झाकण न लावता थंड इंजिन संथ गतीने चालू ठेवावे. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली जाते, ती पुन्हा भरावी आणि मग झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण निवल्यावर, पातळी पुन्हा पाहावी. ही शेवटची पायरी गॅरेजमध्ये होऊ शकत नाही, कारण गाडी तोवर गावी गेलेली असते. ती चालकाचीच जबाबदारी आहे आणि तिचा विसर सर्वाधिक पडतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल

आता त्या ट्रॅक्टरकडे वळू. आपल्याकडील अनेक गॅरेजांत एक समजूत रूढ आहे की, थर्मोस्टॅट ही थंड देशांसाठी केलेली सोय असून आपल्या उष्ण हवेत तिची गरज नाही. म्हणून इंजिन तापू लागले की ही छोटी झडप काढून फेकून द्यावी, म्हणजे पाणी मोकळे फिरेल. वरवर पाहता हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. परंतु कित्येक इंजिनांत पाण्यासाठी दोन वाटा केलेल्या असतात. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपास नावाच्या आखूड वाटेने पुन्हा इंजिनातच फिरते. ते तापल्यावर थर्मोस्टॅट एकीकडे रेडिएटरची वाट उघडतो आणि दुसरीकडे ही आखूड वाट बंद करतो. थर्मोस्टॅट काढला की आखूड वाट कायमची उघडी राहते. पाणी सोप्या वाटेने जाते. त्याचा मोठा हिस्सा रेडिएटर न पाहताच परत फिरतो आणि चढावर, भार पडताच, इंजिन तापते.

त्या ट्रॅक्टरच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. मूळचा रेडिएटर क्षाराने चोंदला होता, तो बदलला हे योग्यच झाले. परंतु त्याच दिवशी ‘पाणी मोकळे फिरावे’ म्हणून थर्मोस्टॅटही काढण्यात आला, आणि त्याची नोंद कोणत्याही बिलात नव्हती, कारण काढलेल्या वस्तूचे बिल होत नसते. चौथ्या खेपेस एका वयस्क फिटरने झडपेचे घर उघडले तेव्हा ते रिकामे आढळले. सर्व दुरुस्तीत सर्वांत स्वस्त असलेला तो भाग बसविताच ट्रॅक्टर भरलेली टाकी घेऊन चढ चढला.

ज्या इंजिनांत अशी दुसरी वाट नसते, तेथे थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन तापत नाही, उलट ते वाजवीपेक्षा थंड राहते. हेही नुकसानीचेच आहे. थंड सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, डिझेल जास्त लागते, तेल लवकर खराब होते आणि लायनर झिजतात. फक्त ही हानी सावकाश होते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

थर्मोस्टॅटची तपासणी हा विज्ञानाच्या तासाला करून दाखविण्याजोगा प्रयोग आहे. या झडपेच्या पोटात मेण असते. मेण वितळले की फुगते आणि दांडी ढकलते. झडपेवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या तपमानाला ती उघडू लागते आणि साधारण १० ते १५ अंश अधिक तपमानाला पूर्ण उघडते. पातेल्यात पाणी घेऊन झडप दोऱ्याने टांगावी, ती तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. कोणत्या अंशाला फट पडली व किती उघडली हे सर्व विद्यार्थ्यांना दिसते. नवी झडपही बसविण्यापूर्वी अशी पाहून घ्यावी, नवी म्हणजे चांगली असे धरून चालू नये. बसविताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस आली पाहिजे. ती उलटी बसली तर गरम पाण्याचा स्पर्श तिला होत नाही व झडप वेळेवर उघडत नाही. काही झडपांना हवा सुटण्यासाठी एक बारीक छिद्र व त्यात हलणारी खिळी असते. ती खिळी बहुधा वरच्या अंगास ठेवावयाची असते, एरव्ही मागे सांगितलेली हवा तेथेच अडकते.

वारा, पट्टा आणि झाकण

पंख्याच्या बाबतीत दुरुस्तीनंतर होणाऱ्या चुका मोजक्या आहेत. पंखा उलटा बसविला जातो. विजेवर चालणाऱ्या पंख्याच्या तारा उलट जोडल्या जातात आणि तो वारा चुकीच्या दिशेस फेकतो. धावत्या गाडीत समोरचा वारा व पंख्याचा वारा एकमेकांस छेद देतात. कागदाचा कपटा रेडिएटरच्या समोरच्या जाळीस लावून पाहावा. पंखा हवा आत ओढणारा असेल तर कपटा चिकटला पाहिजे. पंख्याभोवतीचे पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे कवच पुष्कळदा ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवले जाते आणि मग कोपऱ्यातच राहते. ते नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळीत राहतो. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा सैल होतो, तो पुन्हा ताणावा लागतो. एकच लांब चपटा पट्टा अनेक चक्रांवरून फिरतो अशा नव्या गाड्यांत तो चुकीच्या बाजूने घातला गेल्यास पंप उलटा फिरतो, हेही ध्यानात असावे.

झाकण हा क्षुल्लक वाटणारा परंतु निर्णायक भाग आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांस उकळते. उंचीबरोबर हा अंक ढोबळ मानाने दर ३०० मीटरला एक अंशाने घटतो. पुण्यास तो ९८ च्या आसपास असतो, तर महाबळेश्वरास साडेपंचाण्णवच्या आसपास. उघड्या रेडिएटरने घाट चढणाऱ्या गाडीचे पाणी त्यामुळे लवकर उकळते. झाकणातील स्प्रिंग दर चौरस इंचास १३ पौंडांचा दाब राखीत असेल, तर हाच उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या जवळ जातो. ७ पौंडांच्या झाकणाने तो ११२ च्या आतबाहेर राहतो. नव्या रेडिएटरवर दुसऱ्याच गाडीचे कमी दाबाचे झाकण बसले असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही पाणी उकळून बाहेर पडेल. जादा दाबाचे झाकण लावणे हाही उपाय नव्हे, त्याने नळ्या व सांधे फुटतात. झाकणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन निवताना ती बाटलीतील पाणी परत आत घेते. ती अडकली की निवलेल्या इंजिनाच्या नळ्या आत ओढल्या जाऊन चपट्या दिसतात.

नळीविषयी एवढेच सांगतो की, खालची नळी पंपाच्या ओढीमुळे वेगात असताना आत दबू शकते. उभ्या गाडीत ती ठाकठीक दिसते. म्हणून इंजिनाचा वेग वाढवून ती पाहावी. कित्येक नळ्यांत यासाठीच तारेचे वेटोळे असते आणि बदललेल्या स्वस्त नळीत ते नसते.

रेडिएटर आणि पाण्याचा गुण

महाराष्ट्रात हा प्रश्न पाण्याशी निगडित आहे, आणि त्याकडे व्हावे तितके लक्ष जात नाही. टँकरच्या ट्रॅक्टरमध्ये टँकरचेच पाणी ओतले जाते. विंधन विहिरीचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो, भूजल खारे आहे. असे पाणी तापले की ब्लॉकच्या भिंतींवर व रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो, चहाच्या किटलीत बसतो तसाच. बिडाच्या मानाने हा क्षार उष्णतेचा फार मंद वाहक आहे. एक मिलिमीटर जाडीचे किटण उष्णतेला काही सेंटिमीटर जाडीच्या बिडाइतका अडथळा करते. खारे पाणी धातू गंजविते, ते वेगळेच.

यातून दुरुस्तीनंतरचा एक विशेष घोटाळा उद्भवतो. जुना रेडिएटर काढून नवा बसविला, परंतु ब्लॉकमधील गंज व गाळ तसाच राहिला. नवे पाणी, नवा पंप आणि वाढलेला प्रवाह यांमुळे तो गाळ सुटतो आणि नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. पंधरा दिवसांत नवा रेडिएटर जुन्यासारखा होतो. म्हणून रेडिएटर बदलण्यापूर्वी ब्लॉक धुतला होता काय, हा प्रश्न बिलावर सही करण्यापूर्वी अवश्य विचारावा. नवा रेडिएटर मूळच्या इतक्याच ओळींचा व जाडीचा आहे काय, हेही जुना शेजारी ठेवून पाहावे. तोंडे जुळली म्हणजे रेडिएटर जुळला असे होत नाही.

बाहेरची बाजू विसरू नये. मळणीच्या हंगामात भुसा, उसाच्या वाहतुकीत पाचटाचा चुरा आणि पावसाळ्यात किडे जाळीत अडकतात. ही घाण समोरून पाणी मारून आणखी आत दाबली जाते. पाणी वा हवा इंजिनाच्या बाजूने समोरच्या बाजूस, बेताच्या जोराने सोडावी.

पाण्याऐवजी कूलंट वापरणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात. परंतु बाजारात ते दोन प्रकारे मिळते, पाणी मिसळून तयार केलेले आणि पाणी मिसळावयाचे. दुसरे तसेच ओतले तर इंजिन अधिक तापते, कारण निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. ते पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, बॅटरीसाठी मिळते त्या शुद्ध पाण्यात मिसळावे. हिरवे, तांबडे, निळे हे रंग केवळ उत्पादकांच्या सोयीचे आहेत. रंग एक म्हणून जात एक, असे समजून दोन प्रकार एकत्र करू नयेत.

आधीच झालेली इजा

कधी कधी मूळ दोष खरोखरच दूर झालेला असतो आणि तरीही इंजिन तापते. याचे कारण असे की, पहिल्या तापानेच इंजिनाला इजा केलेली असते. फुटकी नळी बदलली, परंतु ती फुटल्यानंतर चालकाने ‘गावापर्यंत तरी जाऊ’ म्हणून चार किलोमीटर गाडी हाकली होती. तेवढ्यात हेड वाकडे होऊ शकते व त्याखालचे गॅस्केट उडते. मग ज्वलनाचा वायू थेट पाण्यात शिरतो, पाणी बाहेर ढकलतो आणि त्याची जागा घेतो. वर सांगितलेली अडकलेली हवा कितीही वेळा काढा, ती पुन्हा तयार होते, कारण इंजिन स्वतःच ती तयार करीत असते.

हे ओळखण्यासाठी थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू करावे. पाणी तापण्यापूर्वीच बुडबुड्यांची सतत रांग दिसली आणि ती थांबेना, तर संशय बळावतो. सुरू केल्यापासून एक-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी घट्ट होणे, तेल दुधाळ होणे, गळती नसताना पाणी कमी होणे, धुराला पांढुरका दाट रंग येणे, ही आणखी चिन्हे होत. खात्रीसाठी निळ्या द्रवाची एक परीक्षा असते. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी वाफ त्या द्रवातून सोडली असता, तीत कार्बन डायऑक्साइड असल्यास रंग पिवळसर होतो. उच्छ्वासाने चुन्याची निवळी दुधाळ होते, तो शाळेतील प्रयोग याच कुळातला. हेड उतरविलेच तर सरळ पट्टी व जाडी मोजण्याच्या पात्यांनी त्याचा सपाटपणा मोजून घ्यावा. मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासची असते, ती डोळ्यांना दिसत नाही. ते न मोजता नवे गॅस्केट घातले तर ते पुन्हा उडेल.

म्हणून काटा लाल पट्ट्याकडे गेला की गाडी बाजूस घेणे, हाच सर्वांत मोठ्या खर्चावरचा उपाय आहे, आणि हे चालकास लेखी सांगितलेले असावे. उशीर झाला म्हणून चालकास जाब विचारणाऱ्या कार्यालयात ही सूचना पाळली जाणार नाही, हे उघड आहे. थांबल्यावर गरम झाकणास हात लावू नये. दाबाखालील पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. निदान अर्धा तास जाऊ द्यावा व मग जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकतो, हे अनुभवी चालकही घाईत विसरतात.

कागदावर काय असावे

दुरुस्तीचा आदेश देताना तपशील मागण्यास नव्या नियमाची आवश्यकता नाही, आहे त्याच अर्जावर चार ओळी पुरतात. इंजिन केव्हा तापते, कोणती चाचणी केली व तिचा निष्कर्ष काय, पाणी किती काढले व किती भरले, कोणते भाग बसविले आणि कोणते काढले. शेवटचा मुद्दा त्या ट्रॅक्टरने शिकविलेला आहे. काढलेले भाग परत मागावेत. चोंदलेला रेडिएटर, झिजलेली पंपाची पाती, न उघडणारा थर्मोस्टॅट हा प्रत्यक्ष पुरावा असतो. पंपाची पाती शाबूत असतील, तर तो पंप कशासाठी बदलला हे विचारता येते. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती गॅरेजच्या आवारात नव्हे, तर जेथे तापत होती त्याच चढावर, त्याच भारासह चालवून पाहावी. लॉगबुकात आठवडाभर सकाळची पाण्याची पातळी लिहावी. पातळी रोज उतरत असेल आणि बाहेर थेंबही दिसत नसेल, तर हेडखालच्या गॅस्केटकडे पाहावे.

काढलेल्या कूलंटविषयी एक सूचना. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असून विषारी आहे. गॅरेजच्या आवारात किंवा पंचायतीच्या अंगणात ते उघड्या घमेल्यात ठेवले वा गटारात ओतले, तर कुत्री व गुरे ते पितात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर नाव लिहून, गॅरेजवाल्याच्या ताब्यात द्यावे. शीतपेयाच्या बाटलीत ते कदापि भरू नये. कोणी चुकून प्यायल्यास त्रास दिसण्याची वाट न पाहता त्यास कॅनसह तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण पहिल्या काही तासांत माणूस केवळ झिंगल्यासारखा दिसतो आणि उपचाराची वेळ तीच असते.